कुड्याची साल आणि कर्नल चोप्रा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे मंडळाची मंडळी दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी मी ड्यूटीचे निमित्त सांगून सुटका करून घेतो. आमचा प्रांत रुळांचा. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेल्या पी. वे.च्या माणसाला गेज, लेव्हल आणि इन्स्पेक्शन रजिस्टर यांपलीकडे लिहिण्याची सवय नसते. यंदा मात्र मी आपणहून लेख देतो म्हणालो. त्याला कारण आमचे बाबा.

२०१८ साली बाबा गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून गीतांजलीने खरगपूरला आले ते पावसाळ्यात. गणपतीपर्यंत राहायचे असा बेत होता. आल्यावर आठ-दहा दिवसांतच त्यांना आव सुरू झाली. पोटात मुरडा, दिवसातून सात-आठ वेळा जाणे. बाबांना औषध विचारायची गरज नव्हती. नवेगावबांधच्या जंगलाजवळ आयुष्य काढलेला माणूस. आव झाली की कुड्याची साल, हे त्यांच्या आईपासून चालत आलेले. मी बाजारात गेलो, जडीबुटीच्या दुकानातून साल आणली. बाबांनी काढा केला, प्यायले आणि म्हणाले की आपल्याकडच्या सालीसारखा हा कडू नाही. तरी घेत राहिले. मीही डॉक्टरकडे चला असा फार आग्रह केला नाही. ब्लॉकची कामे चालू होती, आणि खरे सांगायचे तर घरचे औषध चालले आहे म्हणून मी निश्चिंत होतो.

बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि उजव्या बरगडीखाली हात लावू देईनात. तपासणीत निघाले की आवेचे जंतू यकृतात जाऊन तिथे गळू झाले आहे. सुई घालून पू काढावा लागला. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत डबे पोचवले, रात्री बसले, ते मी विसरलेलो नाही. त्या वर्षीची आरती बाबांनी खाटेवर बसून खिडकीतून येणाऱ्या आवाजावरच ऐकली.

उरलेली साल नंतर मी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि सांगितले की यात एकाच झाडाची साल नाही, दोन-तीन प्रकार मिसळलेले आहेत. ते बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी मला एकच विचारले : म्हणजे आपला कुडा खोटा का? मला उत्तर देता आले नाही. खोटा म्हणावे तर पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, खरा म्हणावे तर बाबा समोर खाटेवर पडलेले.

बाबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाबूंनी मला वाट दाखवली. ते म्हणाले की हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इथून जवळच, कोलकात्यात, एका माणसाने नीट सोडवून ठेवला आहे. त्या माणसाचे नाव कर्नल सर रामनाथ चोप्रा. भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून डॉक्टर आणि फार्मसीची मुले त्यांना ओळखतात. आपल्यासारख्यांना ते नाव ठाऊक नसते. तेव्हापासून जे वाचले, विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

रामनाथ चोप्रा यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी पंजाबातील गुजरानवाला येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडील जम्मू-काश्मीर संस्थानात नोकरीला, त्यामुळे लहानपणीच काश्मीरशी नाते जडले. शालेय शिक्षण श्रीनगरला आणि पुढचे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात झाले. १९०३ साली ते केंब्रिजला गेले, तिथे विज्ञानाची पदवी घेतली आणि नंतर वैद्यकाची. केंब्रिजमध्ये त्यांना वॉल्टर डिक्सन हे गुरू लाभले. एखादे औषध शरीरात गेल्यावर हृदय, रक्तदाब, आतडी, मज्जातंतू यांवर नेमके काय करते, हे प्रयोगाने मोजून पाहायचे शास्त्र त्या काळी नवे होते. डिक्सन त्यातले नावाजलेले. औषध चांगले की वाईट हे ऐकीव माहितीवर ठरवायचे नाही, मोजून ठरवायचे, हा धडा चोप्रांनी तिथे घेतला तो कायमचा.

१९०८ साली स्पर्धा परीक्षा देऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ही लष्करी सेवा. इंग्रज अधिकाऱ्यांचा तिच्यात भरणा, भारतीय मोजके. पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर होते, १९१९ च्या अफगाण युद्धातही त्यांनी काम केले. म्हणजे आयुष्याची पहिली चाळीस वर्षे शिक्षणात आणि फौजेत गेली. ज्या कामासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते ते चाळिशीच्या उंबरठ्यावर सुरू झाले. आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांना यात थोडा दिलासा आहे.

१९२१ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हिवताप, काळा आजार, आव, कृमी, हत्तीरोग या उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यास करण्यासाठी ही संस्था सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली होती. शेजारी तिचेच रुग्णालय. खाली रोगी, वर सूक्ष्मदर्शक आणि रसायनशाळा, अशी सोय त्या काळी देशात दुर्मीळ होती.

त्या वेळची औषधांची स्थिती काय होती? सरकारी दवाखान्यातले जवळजवळ सगळे औषध बोटीने येई. आपल्या रानात ज्या वनस्पती उगवतात त्यांचा कच्चा माल परदेशी जाई आणि त्याचेच अर्क, टिंक्चर बाटलीत भरून दसपट किमतीला परत येत. गरीब माणसाला ते परवडत नसे. तो वैद्याकडे, हकिमाकडे किंवा बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडे जाई. विलायती शिक्षण घेतलेले डॉक्टर या देशी औषधांना हसत, आणि वैद्यमंडळी म्हणत की ऋषिमुनींनी सांगितलेल्याची परीक्षा कसली घ्यायची. दोन्ही बाजूंना खात्री होती, पण मोजून कोणीच पाहत नव्हते.

चोप्रांनी आपल्या कामाचे तीन हेतू ठरवले. देशात पिकणाऱ्या औषधांचा उपयोग करून देश औषधांच्या बाबतीत स्वावलंबी व्हावा. आयुर्वेद, युनानी आणि लोकपरंपरा यांत जी औषधे सांगितली आहेत त्यांतली खरोखर गुणकारी कोणती ते शोधून काढावे. आणि ही औषधे इतकी स्वस्त व्हावीत की सामान्य माणसाच्या आवाक्यात येतील. स्वदेशीचे वारे तेव्हा देशभर होते. वर्दीतल्या या माणसाने सभा-मिरवणुका न करता प्रयोगशाळेत बसून केलेली ही स्वदेशीच म्हटली पाहिजे.

आता कुड्याकडे वळू.

आवेचे दोन प्रकार आहेत. एक जिवाणूंमुळे होणारी, जिचा जंतू जपानी शास्त्रज्ञ शिगा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधला. दुसरी अमीबा या एकपेशीय परजीवीमुळे होणारी. हा अमीबा रोग्याच्या शौचात असतो असे १८७५ साली रशियात लोश यांनी दाखवले होते. दूषित पाण्यातून तो पोटात जातो, मोठ्या आतड्याला जखमा करतो आणि कधी रक्तावाटे यकृतात पोचतो. बाबांचे नेमके हेच झाले. वरून पाहता दोन्ही आवा सारख्याच. फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो.

अमीबाच्या आवेवर त्या काळी मोठे औषध म्हणजे इमेटीन. ब्राझीलमधल्या इपेकाक या झुडपाच्या मुळ्यांतून ते निघते, आणि १९१२ साली रॉजर्स यांनी कोलकात्यातच त्याची सुई देऊन असंख्य रोगी वाचवले. परंतु इमेटीनचा हृदयावर वाईट परिणाम होई, रोग्याला अंथरुणात पडून राहावे लागे, आणि जुनाट आव त्याने पुरती जात नसे. शिवाय औषध बाहेरदेशचे. मग चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच रानातल्या झाडाकडे मोर्चा वळवला. संस्कृतात कुटज, बंगालीत कुर्ची, आपल्याकडे पांढरा कुडा. त्याच्या बियांना आपण इंद्रजव म्हणतो.

कुड्यावर आधीही इंग्रज डॉक्टरांनी लिहिले होते. कोणी म्हणे उत्तम, कोणी म्हणे निरुपयोगी. दोघेही अनुभवाने बोलत होते, मग असे का? याची कारणे एक-एक करून पुढे आली, आणि मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पहिले कारण झाडाची ओळख. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळली जाई. झाडे दिसायला जवळजवळ भाऊ-भाऊ, फुले दोघांचीही पांढरी, शेंगा दोघांच्याही जोडीने लटकणाऱ्या. पण ज्या द्रव्यांनी अमीबावर काम व्हायचे ती पांढऱ्या कुड्यात. म्हणूनच जुने जाणते कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव असा भेद करतात. बाबांच्या जिभेने जे ओळखले ते हेच असावे. माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडला नाही.

दुसरे कारण साल कोणत्या वयाच्या झाडाची, किती जुनी, कशी ठेवलेली, यावर तिचा कस बदलतो. तिसरे कारण रोगाची ओळख. जिवाणूंची आव बऱ्याचदा काही दिवसांत आपोआप बरी होते. अशा रोग्याला साल दिली तर श्रेय सालीला जाते. अमीबाच्या रोग्याला भलतीच साल दिली तर दोष कुड्याला येतो. रोगी कोणत्या आवेचा हे ठरल्याशिवाय औषधाची परीक्षा होऊच शकत नाही.

तेव्हा काम असे चाले. आधी वनस्पती खात्रीने ओळखायची. मग रसायनशास्त्रज्ञ तिचा अर्क काढून त्यातली अल्कलॉइड, म्हणजे क्षारासारखी तीव्र गुणाची द्रव्ये, वेगळी करणार. सुधामय घोष हे या कामातले त्यांचे मोठे साथीदार. कुड्याच्या सालीतले कोनेसीन हे अल्कलॉइड एकोणिसाव्या शतकातच माहीत झाले होते, पण ते शरीरात काय करते याचा पद्धतशीर अभ्यास बाकी होता. तो आधी जनावरांवर करायचा, विषारीपणा पाहायचा आणि मगच शेजारच्या रुग्णालयातल्या रोग्यांना बेताने द्यायचे. रोज शौचाची तपासणी, अमीबा दिसतो की नाही याची नोंद, औषध थांबवल्यावर पुन्हा तपासणी. रोग्याला बरे वाटते एवढ्यावर समाधान नाही. जंतू गेला का, हे पाहायचे.

१९२७ पासून कुड्यावरचे त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. जुनाट अमीबाच्या आवेवर कुड्याची अल्कलॉइड खरोखर उपयोगी पडतात, इमेटीनसारखा हृदयाला धोका नाही, आणि औषध तोंडाने घेता येते, असा निर्वाह झाला. ॲक्टन यांच्याबरोबर त्यांनी कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड हे तोंडाने घ्यायचे औषध रोग्यांवर वापरून त्याचे निष्कर्ष १९२९ च्या सुमारास मांडले. आजीच्या बटव्यातली साल अशा रीतीने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली.

पण चोप्रांचा मोठेपणा मला दुसऱ्या बाजूलाही तेवढाच दिसतो. तपासलेले प्रत्येक झाड काही पास झाले नाही. हिवतापावर आपल्याकडे सातविणीची साल देतात, सागरगोट्याची बी देतात. सिंकोनाच्या क्विनीनला हा देशी पर्याय निघाला असता तर देशाचा केवढा फायदा झाला असता! पण सातविणीचा हिवतापाच्या परजीवीवर क्विनीनसारखा परिणाम दिसून येत नाही, सागरगोट्याचाही नाही, आणि देशाभिमानापोटी तसा तो असल्याचे कोणी लिहिले नाही. आपली ती वस्तू चांगली, असे म्हणायचा मोह कोणाला होत नाही? तो आवरणे कठीण असते.

कृमींवरच्या औषधांचेही त्यांनी पुष्कळ काम केले. अमेरिकी कृमितज्ज्ञ एसा चँडलर तेव्हा कोलकात्यात होते. दोघांनी मिळून कृमिनाशक औषधांवर १९२८ साली ग्रंथ लिहिला. जंतांवर सँटोनीन नावाचे औषध तेव्हा चाले. ते किरमाणी ओव्याच्या जातीतल्या झुडपांपासून निघते आणि तेव्हा मुख्यतः रशियातून येई. हेच झुडूप काश्मीर आणि कुर्रमच्या डोंगरांत मुबलक आहे आणि त्यातही सँटोनीन मिळते. काश्मीरमध्ये वाढलेल्या माणसाला हे कसे सुचले असेल ते सांगायला नको.

१९३३ साली त्यांचा देशी औषधांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शेकडो वनस्पतींची माहिती आहे : परंपरा काय म्हणते, रसायनशाळेत काय निघाले, रोग्यावर काय दिसले. त्याच वर्षी सर्पगंधेच्या मुळीवरचे काम त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. तिने रक्तदाब उतरतो हे त्या सुमारास भारतीय संशोधकांनी दाखवले, आणि पुढे १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांच्या निबंधामुळे ती मुळी जगभर पोचली. अफू, गांजा, भांग यांच्या व्यसनांचाही चोप्रांनी अनेक वर्षे अभ्यास केला.

मात्र सालीतली भेसळ त्यांच्या डोक्यातून गेली नसावी, कारण पुढचे काम थेट तिच्याशीच भिडणारे आहे. त्या काळात हिंदुस्थानच्या बाजारात औषधांच्या नावाखाली काहीही विकले जाई. हिवतापाने माणसे मरत होती आणि क्विनीनच्या गोळीत क्विनीन कमी, पीठ जास्त. विकणाऱ्याला जाब विचारणारा देशभर लागू असा कायदाच नव्हता. १९३० साली सरकारने औषध चौकशी समिती नेमली, अध्यक्ष चोप्रा. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, नमुने पाहिले आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे, तपासणीसाठी प्रयोगशाळा हव्यात, औषध विकणारा माणूस शिकलेला हवा, अशा त्याच्या शिफारशी. कायदा व्हायला मात्र आणखी नऊ वर्षे गेली. १९४० साली औषध कायदा झाला, तोच आज आपला औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा. आपण दुकानातून गोळ्यांची पट्टी घेतो, तिच्यावर बॅच नंबर, तारीख, लायसन्स नंबर छापलेला असतो. त्या बारीक अक्षरांमागे चोप्रांची समिती आहे. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधेही त्या कायद्याखाली आली. उघड्या पोत्यातून तोलून दिलेल्या सालीवर मात्र कोणताच नंबर नसतो.

रुळावर काम करणाऱ्याला हे लगेच पटते. वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात तडा असू शकतो. म्हणून तर अल्ट्रासॉनिक मशीन घेऊन आमची माणसे उन्हातान्हात मैलोगणती चालतात. रूळ नामांकित कारखान्याचा आहे म्हणून कोणी तपासणी सोडत नाही, आणि एक रूळ खराब निघाला म्हणून सगळे रूळ टाकूनही देत नाही.

१९३० नंतरच्या दशकात चोप्रा स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे संचालक झाले आणि १९४१ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. आरामात बसायचे वय, पण ते काश्मीरला परतले. संस्थानाच्या वैद्यकीय खात्याची धुरा सांभाळत त्यांनी तिथे औषध संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. हिमालयातल्या वनस्पती गोळा करायच्या, तपासायच्या, लागवड करायची, हा उद्योग १९५७ पर्यंत चालला. ती प्रयोगशाळा पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली आणि जम्मूची आजची नामांकित संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. मधल्या काळात फाळणी झाली आणि त्यांचे जन्मगाव सीमेपलीकडे गेले.

१९४६ साली देशी औषधांसह भारतीय औषधांची अधिकृत यादी त्यांच्याच अध्यक्षतेखाली निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस देशी वैद्यकपद्धतींचा विचार करण्यासाठी आणखी एक समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष तेच. १९४८ च्या अहवालात त्यांनी सुचवले की वैद्य आणि डॉक्टर यांच्या वेगवेगळ्या चुली नकोत, दोन्हींतले तपासून खरे ठरलेले एकत्र शिकवावे. हे कोणालाच पुरते पसंत पडले नाही आणि शिफारशी पूर्णपणे अमलात आल्या नाहीत. १९५६ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भारतीय औषधी वनस्पतींचा त्यांचा कोश निघाला. मुलगा आय. सी. चोप्रा त्या कामात बरोबर होता. त्यांचे शिष्य विष्णुपद मुखर्जी पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झाले. १३ जून १९७३ रोजी, नव्वदी पार करून, कर्नल चोप्रा गेले. १९८३ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मग कुड्याचे काय झाले? १९६० नंतरच्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले. ते आतड्यातल्या आणि यकृतातल्याही अमीबाला मारते, आणि बाबांना त्यानेच वाचवले. कोनेसीन जास्त प्रमाणात दिले तर झोप उडणे, अस्वस्थपणा असे त्रास होतात, हेही अनुभवाने कळले होते. कुडा हळूहळू डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरला, वैद्यांच्या कुटजारिष्टात राहिला. पण चोप्रांनी घालून दिलेली वाट बंद झाली नाही. किरमाणी ओव्याच्याच कुळातल्या एका झुडपाचा अर्क चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातल्या कृतीवरून, थंड्या पद्धतीने काढला आणि १९७० नंतर जगाला हिवतापावर आर्टेमिसिनिन मिळाले. त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सातवीण नापास झाली, ती झुडूप पास झाले. परीक्षा घेतली नसती तर दोन्ही सारखीच राहिली असती.

मागच्या वर्षी हावड्याला ऑफिसच्या कामाने गेलो असताना दुपारी वेळ मिळाला, तेव्हा चित्तरंजन अॅव्हेन्यूवर जाऊन ट्रॉपिकलच्या इमारतीसमोर उभा राहिलो. फाटकाशी रोग्यांची रांग होती. एक म्हातारे गृहस्थ मुलाचा हात धरून पायऱ्या चढत होते. मुलाच्या हातात कागदांची पिशवी होती. मी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो आणि परत फिरलो.

त्या रात्री बाबांना फोन करून सांगितले : बाबा, आपला कुडा खोटा नव्हता. मी आणलेली साल खोटी होती, आणि रोग कुठवर पोचला आहे हे तपासायला मी तुम्हाला वेळेवर नेले नाही, ती चूकही माझी. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले की ते चोप्रासाहेब जंगलात स्वतः जाऊन साल काढत होते का. मी म्हणालो, ओळखून मगच घेत होते. त्यावर बाबा समाधानाने हसले.

यंदा ते गणपतीला येत आहेत. बरोबर पत्री आणीन म्हणतात, एकवीसच्या एकवीस, स्वतः ओळखून. मंडपात भेटतील तेव्हा त्यांच्याशी जरूर बोला. आणि घरात कोणाला आव लागली, ताप आला, तर औषध घरचे असो की दुकानचे, आधी तपासणी करून घ्या, एवढीच हात जोडून विनंती.

गणपती बाप्पा मोरया!